लोकर घातलेली टाकी

पोह्यांना फोडणी घातली होती, बाथरूममध्ये बादली भरत होती आणि आमचे हे चष्मा सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं माणूस आमच्या ओळखीत एकच. हिर्डोशीच्या वरच्या वाडीतल्या बनाबाई. झुंजूमुंजू व्हायच्या आत डोंगर उतरायचा, पहिली एसटी धरायची आणि तुपाची किटली घेऊन भोरला यायचं, हा त्यांचा शिरस्ता. आज किटली होती, पण नेहमीचं हसू नव्हतं.

"दादा हायेत का? टाकी पुन्यांदा फुटली."

मी चहा ठेवला. त्या उंबऱ्याशीच टेकल्या. खुर्ची पुढे केली की म्हणतात, "नगं बया, खुर्चीत बसलं की एसटीत बसल्यागत वाटतं. कवा उतरायचं तेच बगत ऱ्हाते."

ही टाकी म्हणजे वाडीवर झऱ्याचं पाणी साठवायचा सिमेंटचा हौद. दरवर्षी त्याच्या तळाला तडे जायचे आणि शिमग्याच्या आतच हौद कोरडा पडायचा. मग माणसांनी आणि मेंढरांनी, दोघांनीही पाण्यासाठी खालच्या ओढ्यापर्यंत उतरायचं. यंदा तळ नव्याने ओतायचं ठरलं आणि बनाबाई पुढे झाल्या. त्यालाही कारण होतं. मागे भोरात एका शाळेच्या बांधकामावर त्या घमेली वाहत होत्या. तिथे मिक्सरमध्ये केसांसारखे पांढरे धागे टाकताना त्यांनी पाहिलं. यानं तडे जात नाहीत, असं मुकादम म्हणाला. बनाबाईंना त्याचं काही नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे चुलीच्या मातीत लोकर कालवतात, म्हणून चूल जाळाने फुटत नाही. भोरच्या लोकांनी आपलीच युक्ती उचलली, एवढंच त्यांना वाटलं. घरात भादरलेली लोकर असताना धागे विकत कशाला, म्हणून त्यांनी पोतंभर लोकर काँक्रीटमध्ये घालायला लावली.

आमच्या यांचं घराखालीच सिमेंट-वाळूचं दुकान आहे. सगळं ऐकून यांना हसू आवरेना.

"बनाबाई, टाकीला स्वेटर घातलात की काय?"

"घातला की! अन् पैल्याच पान्यात भिजला." त्याही हसल्या. मग पदराने तोंड पुसलं. "दादा, वाडीत मला कुनी बोलत न्हाई. पर शेजारची सगुणाबाई हंडा घिऊन खाली निगाली की माझ्या दाराकडं बगती. त्येच लई लागतं."

यांचं हसणं थांबलं. खाली जाऊन हे दोन पुड्या घेऊन आले आणि एक फोडून थोडे धागे त्यांच्या तळहातावर ठेवले. बनाबाईंची बोटं आपोआप त्यांना पीळ द्यायला लागली.

"ह्याला पीळ बसंना."

"बसणार नाही, प्लॅस्टिकचे आहेत. लोकर तेलकट, सिमेंट तिला धरत नाही. गुठळ्या होतात आणि पाणी त्यातूनच वाट काढतं. हे फायबर सुटं पसरतं. काँक्रीट वाळताना आकसतं ना, तेव्हा बारीक तडे पडू देत नाही. जुना तळ छिन्नीने टाचून खरबरीत करून घ्या, वर नवा थर द्या. सिमेंटच्या एका गोणीला एकच पुडी."

"येवढ्याशानं काय हुतंय? चुलीत आमी मूठमूठ घालतो."

"म्हणून तर बजावतोय! जास्त घातलंत तर याच्याही गुठळ्या होतील. आणि नुसत्या पुडीवर विसंबू नका. तळ आठवडाभर ओला राहिला पाहिजे. उन्हात तसाच वाळला, तर तुमच्या लोकरीत आणि माझ्या फायबरमध्ये काही फरक राहायचा नाही."

बनाबाईंनी धागे अलगद पुडीत परत घातले. एकही खाली पडू दिला नाही.

"म्हंजी पानी धरायच्या आदी टाकीलाच पानी पाजायचं. आन् त्ये आनायचं खालनं, डोक्यावर."

मी पोह्यांची बशी पुढे केली. खाता खाता त्यांची नजर आमच्या पडवीत फिरत राहिली. तिथे कोपऱ्यात, आंबवड्याहून तांदूळ येतो त्याची रिकामी गोणपाटं मी घडी करून ठेवली होती, पावसाळ्यात पाय पुसायला म्हणून. बशी खाली ठेवून बनाबाई उठल्या. एक गोणपाट उलगडून त्यांनी ते उजेडात धरलं, विणीत बोट घालून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"वैनी, येवढी गोनपाटं मला द्या. भिजवून तळावर हातरते, म्हंजी पानी कमी लागंल."