एबर नावाचं झाड

ओफेलिया बेन्तांकुर लग्न करून नदीपलीकडे कोन्कोर्दियाला आली, त्याला बेचाळीस वर्षं झाली. माहेर समोरच आहे, पण दुसऱ्या देशात. धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडच्या काठावर साल्तोच्या चर्चचे मनोरे दिसतात. लाँचने पंधरा मिनिटं. एवढ्याशा पाण्यासाठी कुणी झुरतं का? ओफेलिया अकरा वर्षं झुरत होती. आणि मागणं तरी काय, तर साल्तोत एक रात्र झोपायचं, बहिणीच्या घरी, जुन्या लोखंडी पलंगावर. बस.

आडवे आले होते ते पाय. पाठीच्या कण्यातल्या नसांचा आजार. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की पाय लाकडासारखे ताठ, आणि बाई ओठ चावून रक्त काढायची. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची; शहरातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे पोशाख शिवणारी बाई मशीनवरच डोकं टेकून झोपायला लागली. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच गांजाचं तेल लिहून दिलं. शेजारची रोसाउरा परसात झाडं लावते, तेल काढून देते. लपूनछपून काही नाही, ओफेलियाकडे सरकारी कार्ड आहे. सकाळी जिभेखाली आठ थेंब घेतले की संध्याकाळी पाचपर्यंत पाय तिचे. मग पुन्हा आठ.

मात्र कार्ड नदीच्या अलीकडच्याच काठापुरतं. एकदा तिने पर्समधून बाटली नेली, तर पलीकडच्या तपासणीवरच्या बाईने ती उचलून डब्यात टाकली.

"अहो, हे बघा कार्ड!"

"बाई, हे तिकडचं. इकडे नाही चालत."

"मी जन्मले इकडेच!"

"जन्मलात, पण राहता तिकडे ना?"

म्हणजे औषध दोन्ही काठांवर चालतं, गुन्हा होतो तो मधल्या पाण्यात. साल्तोत औषध मिळवायचं तर तिथे राहून कागद करावे लागतात, आणि तिथे राहायचं तर आधी औषध हवं. असले नियम करणाऱ्यांच्या पोटऱ्यांत एकदा तरी गोळा यावा.

मग ओफेलिया सकाळचे थेंब घेऊन जायची आणि सहाच्या शेवटच्या लाँचने परतायची. थोरली बहीण इसोलिना, निवृत्त मुख्याध्यापिका आणि विधवा, परसात बसून माते नावाचा कडू चहा करायची. भोपळ्याच्या एकाच वाटीत येर्बाची पानं. गरम पाणी ओतायचं, नळीने प्यायचं, वाटी परत द्यायची. ती पुन्हा भरून येते, थर्मास संपेपर्यंत. मधेच नको असेल तर म्हणायचं, "आभार." त्यानंतर वाटी तुमच्याकडे येत नाही. ओफेलियाला दर भेटीत पाच वाजता, अर्धा थर्मास शिल्लक असताना, आभार मानावे लागत.

"पाहुणीसारखी आभार मानून पळतेस," इसोलिना एकदा फणकारली. "हेच शिकवलं का आईने?"

"पाय शिकवतात, इसो."

"पाय कसले! ते गांजेकस तेल. माझी बहीण गांजेकस, वर्गातल्या पोरांना काय तोंड दाखवू?"

"तुझी पोरं आता आजोबा झालीत. आणि त्यातली निम्मी ओढतात."

इसोलिना हसली नाही. पण पुढच्याच आठवड्यात ती पोस्टातल्या सरकारी नोंदणीच्या खिडकीवर गेली, रांगेत उभी राहिली, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी घरी गांजा लावणारी म्हणून स्वतःचं नाव नोंदवून आली. रांगेतला एक जुना विद्यार्थी तिला पाहून बाहेर पळाला म्हणे. ऑक्टोबरात टोमॅटोंच्या ओळीत सहा रोपं लागली.

ओफेलियाचं झुरणं आता मोजता येऊ लागलं. नोव्हेंबरात रोपं गुडघ्याला, नाताळात कमरेला. एक झाड सगळ्यांच्या वर गेलं: सडसडीत, जरा वाकलेलं.

"हा एबर," इसोलिना म्हणाली. एबर म्हणजे तिचा गेलेला नवरा. "तसाच वाकून उभा राहतो बघ."

जानेवारीत एबरला बारीक घोस लागले. रोसाउराला वर्णन सांगताच तिने कपाळाला हात लावला. "नर आहे तो! पपईसारखंच असतं यांचं. वेळेत उपटला नाही, तर बाकीच्या फुलांत नुसतं बी भरेल. मग तेलात जोर कसला राहतोय!"

ओफेलियाने लगेच फोन केला. इसोलिनाने तिला तेच दोनदा सांगायला लावलं.

"उपटते," इसोलिना म्हणाली.

पुढचे दोन महिने पाय बरे नव्हते. ओफेलिया गेली नाही. एप्रिलात गेली ती छोटी बॅग घेऊन. बॅगेत नवा झोपायचा झगा, स्वतः शिवलेला, गळ्याला लेस. पलंगावर धुतलेली चादर होती. तिने झगा उशीखाली ठेवला, वरून हात फिरवला, आणि परसात येऊन बसली.

साडेचारला इसोलिनाने आपल्या झाडांपासून काढलेल्या तेलाचे आठ थेंब. पाच वाजले तशी डावी पोटरी आवळायला लागली. आणखी आठ. सव्वापाचला उजवीही. ओफेलियाने बाटली उन्हात धरली, मग बहिणीकडे पाहिलं.

"इसो. एबरला उपटलंस ना?"

इसोलिना वाटीत पाणी ओतत राहिली.

"खरं सांग."

"फावडं घेऊन गेले होते. तीनदा." थर्मास तिने खाली ठेवला. "एबरला एकदा पुरलंय मी गं. परत नाही जमलं."

ओफेलियाला ओरडायचं होतं. पण गोळा आला आणि श्वास त्यातच गेला. तो उतरला तेव्हा रागही निम्मा उतरला होता. नवरा तिचाही गेला होता. त्याचा मापं घ्यायचा टेप अजून मशीनच्या खणात होता.

"मूर्ख बाई," ती म्हणाली. "एवढी शाळा चालवलीस आणि एक झाड उपटता येईना?"

"बी पुष्कळ निघालंय," इसोलिना अपराध्यासारखी म्हणाली. "बरणीभर. ऑक्टोबरात पुन्हा लावीन."

"लाव. आणि नर दिसला की त्याला कुठल्यातरी मंत्र्याचं नाव दे. हात आपोआप चालेल."

इसोलिना हसली, डोळे पुसत. मग वाटी भरून पुढे केली. साडेपाच झाले होते. धक्का दोन गल्ल्या लांब, आणि या पायांनी वीस मिनिटं लागणार. ओफेलियाने नळी ओठांत धरली, तळाशी सुरसुर होईपर्यंत प्यायली आणि वाटी परत दिली. आभार मानले नाहीत.

इसोलिनाने वाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि सवयीने पुन्हा भरायला लागली. ओफेलिया लाँच गाठायला काठी टेकत उठली होती.

"बॅग?"

"रिकामी आहे, राहू दे इथेच. झगा उशीखाली आहे, तो धुवू नकोस. कोरा आहे अजून."