सही कर म्हणालो

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही पाच-सहा निवृत्त लोक सकाळी फिरून झालं की बसतो आणि जगाला शहाणपण शिकवतो. मीही त्यात मागे नसतो. बोटींवर माणसं पाठवणाऱ्या एका ऑफिसात मी तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे समुद्रातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज. चिंचपोकळीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा मालवाहू बोटीवर लागला, तोही माझ्याच शब्दावर.

त्याचा फोन आला तेव्हा मी कट्ट्यावरच होतो. त्याची बोट जिथून जाणार होती तिथे युद्ध पेटलं होतं. अशा पाण्यात शिरण्याआधी प्रत्येकाला एक कागद देतात. यायला तयार असशील तर सही कर, नसशील तर आधीच्या बंदरात उतरून घरी जा.

"मामा, कागद आलाय. काय करू?"

"अरे, सही कर. तेवीस वर्षांचा घोडा झालास, घाबरतोस काय?"

हे मी जरा मोठ्यानंच बोललो, मित्रांना ऐकू जावं म्हणून. ते हसले, मलाही बरं वाटलं. नकार देणाऱ्यांना पुढची बोट लवकर मिळत नाही हे मला ठाऊक होतं, कारण नोकरीत असताना त्यांच्या फाइली गठ्ठ्याच्या तळाशी मीच सारत होतो. साहेब सांगायचे हे खरं, पण हात माझेच.

चौथ्या दिवशी बोटीवर क्षेपणास्त्र पडलं. बाकीचे वाचले. इंजिनरूममध्ये असलेला आमचा मुलगा सापडलाच नाही.

बातमी आली तेव्हा ताईच्या खोलीत सगळी चाळ जमली होती. ती माझा हात धरून म्हणाली, "त्यानं मला विचारलं होतं रे. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, मामाला विचार. तुझा फोन लागला नसणार, नाहीतर तू अडवलंच असतंस. मीच नको म्हणायला हवं होतं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी चहा पुढे केला, तो घेतला. नंतर वर्षभर मी दर रविवारी तिच्याकडे जात होतो. ती स्वतःला बोल लावायची आणि मी समोर बसून पोहे खायचो. यापेक्षा नीच काम मी आयुष्यात केलेलं नाही.

वर्ष सरल्यावर ती विधीला तयार झाली. देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बाणगंगेवर गुरुजींनी पुतळा बांधला आणि कोण बसणार म्हणून विचारलं. मुलाचे वडील केव्हाच गेलेले.

"मामा बसेल," ताई म्हणाली. "मी नाही हात लावणार. मीच धाडलंय त्याला."

मी पाटावर बसलो. गुरुजींनी हातावर पाणी दिलं, मुलाचं नाव घ्या म्हणाले. मी ते पाणी ताम्हणात सोडून ताईकडे वळलो.

"ताई, फोन लागला होता," मी म्हणालो. "सही कर म्हणून मीच सांगितलं."

ती रडली नाही की ओरडली नाही. पदर खोचून पुढे आली.

"ऊठ," ती मला म्हणाली, आणि गुरुजींकडे वळली. "मी बसते."