शेंदराआधीचा चेहरा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, जमुनाताईचे, यजमान उदाजीराव शितोळे, ज्या दगडासमोर बसले त्या दगडाचा देव झाला. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या भल्या माणसाच्या सगळ्या कष्टांची त्यात माती झाली.

देवासला संस्थानी छापखाना होता तेव्हा दाजी तिथं लाकडी ठसे कोरायचे. पत्रिकेवरचा गणपती, दसऱ्याच्या दरबाराच्या आमंत्रणाची वेलबुट्टी, सगळं त्यांच्या हातचं. अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली, दरबार उठले, छापखान्याला कुलूप लागलं. दाजी शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले आणि पोरांकडून केळी-पेरूंची चित्रं काढून घेऊ लागले. त्या पेरूंनी त्यांचा जीव उबगला असावा. सुट्टी लागली की सायकल काढायची आणि रानातले जुने उभे दगड शोधत हिंडायचं, हा नाद तेव्हाच लागला.

आमच्या माळव्यात असे दगड बांधाबांधावर आहेत. त्यांवर कोरलेला कुठल्याशा लढाईत पडलेला घोडेस्वार, शेजारी हात उंचावलेली त्याची सती. कोण, कुठले, गावाला पत्ता नसतो. म्हशी त्यांना अंग घासतात. हे सगळे झिजून जाण्याआधी लाकडात कोरून कागदावर उतरवायचे, एवढाच दाजींचा ध्यास. जमुनाताई म्हणायची, "घरातल्या माणसांची तोंडं ह्यांना आठवत नाहीत, मेलेल्यांची बरोबर आठवतात."

पण त्यांची कामाची रीतच घात करणारी होती. दगडापाशी गेले की आधी जोडे काढायचे. मग लोटाभर पाणी दगडावर ओतायचं, कारण ओल्या दगडावर रेघा वर येतात. मग डोक्याला पंचा गुंडाळून, गोणपाटावर मांडी घालून, ऊन चढेपर्यंत मुकाट दगडाकडे बघत बसायचं. मधूनमधून कागदावर हात फिरे, पण तो लांबून कोणाला दिसणार? गुराख्यांना दिसायचा तो भरदार मिशांचा मराठा सरदार, अनवाणी, दगडाला अभिषेक घालून ध्यान लावून बसलेला. एवढा मोठा माणूस उगाच बसेल का? महिन्याभरात तिथं झेंडा लागायचा, नारळ फुटायचा आणि शेंदराचे थर चढायचे. थरावर थर चढले की घोडा नाही, स्वार नाही, नुसता लाल गोळा. धारजवळ हेच झालं, मांडूच्या वाटेवर हेच, पार डही गावाकडेही हेच.

मी चिडून म्हणालो, "दाजी, जोडे घालून बसा."

"वाडवडिलांपुढे? कोण जाणे, यातला एखादा आपलाच असेल."

"मग पाणी तरी ओतू नका."

"मग दिसणार काय?"

लोकांना समजवायचाही त्यांनी प्रयत्न केला. "भिया, ये भगवान नहीं, किसी के बाप-दादा हैं." ऐकणाऱ्यांनी आणखी वाकून हात जोडले. बाप-दादा देव नाहीत, असं त्यांना कोणी शिकवलं होतं?

चोपन्नच्या थंडीत हाटपिपल्याच्या पुढं एका शेतात त्यांना तो दगड सापडला. इतर दगडांवर चेहरे झिजलेले असतात. या सतीचा चेहरा शाबूत होता, ओठांच्या कडांसकट. दाजींनी घोडा काढला, स्वार काढला, बांगड्या भरलेला हात काढला. चेहरा ठेवला शेवटी. मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे असतात, ही कारागिरांची जुनी रीत ते सोडत नसत. आणि नेमका हिवताप आला. अंथरुणात ते सारखे एकच म्हणत, "चेहरा राहिलाय रे."

उठून बसण्याइतकी ताकद आल्यावर मी त्यांना बसनं घेऊन गेलो. बांधावर माणसं जमलेली पाहून मी पुढं धावलो. पण दगडावर अजून शेंदूर नव्हता. दाजींचा चेहरा फुलला. मलाही हायसं वाटलं.

गावचे पटेल फत्तेसिंग पुढं आले, दाजींच्या पाया पडले. म्हणाले, "दरबार, आपकी ही बाट देखी हमने. आप नी आता तो म्हाने कईं खबर पड़ती, माताजी यहाँ बिराजी है." म्हणजे, सरदार आले नसते तर माताजी इथं आहे हे गावाला कळलंच नसतं. त्यांच्या मागं त्यांची सून उभी होती, पदराआड तान्हं लेकरू. तिची आधीची बाळं जगली नव्हती. या दगडाला नवस बोलली आणि हे जगलं. आज शेंदूर चढायचा होता आणि पहिलं बोट दाजींचं, कारण त्यांनीच देवीला जागं केलं.

"मुझे थोड़ी देर बैठने दो," दाजी म्हणाले. "बस, चेहरा देख लूँ."

पुजारी म्हणाला, मुहूर्त टळेल. वाटी त्यांच्या हातात आली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणा, तर त्या पोरीचा जीव जन्मभर धास्तावलेला राहणार. ती त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होती.

दाजींनी बोट शेंदरात बुडवलं. सतीच्या कपाळावर टेकवलं. मग, का कोण जाणे, ते बोट नाकावरून, ओठांवरून, हनुवटीपर्यंत अगदी सावकाश नेलं. लोकांना वाटलं भक्ती. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, मला रडू आवरेना. मग बाकीच्यांचे हात पडले आणि सगळं लाल झालं.

घरी येऊन त्यांनी त्या दगडाचा ठसा कोरला. घोडा, स्वार, हात, सगळं झालं. चेहऱ्याची जागा तशीच राहिली. जमुनाताई म्हणाली, "मनानं काढा की. कोणाला कळणार आहे?" शाळेतून आले की दाजी ठसा मांडीवर घेऊन डोळे मिटून बसायचे आणि उजव्या हाताचं ते बोट त्या कोऱ्या जागेवर वरून खाली फिरवत राहायचे. पटाशी जवळच असायची. ती त्यांनी कधी उचलली नाही.

दाजी अठ्ठावन्न साली गेले. ताईनं तो ठसा मला दिला. बाकीचं लाकूड अजून खरखरीत आहे. चेहऱ्याच्या जागी मात्र ते झिजून गुळगुळीत झालंय.