डंपरचा खुराक

नरसिंहपूरच्या रस्त्याला, संगमाच्या अलीकडं जी वस्ती आहे, तिथं कुणाचं वासरू खंगलं की लोक डॉक्टरच्या आधी कौसल्याकाकीला गाठायचे. काकी वासराच्या पाठीवर थाप मारायची, पापणी खाली ओढून बघायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं." पुढं ते वासरू असं गुटगुटीत व्हायचं की मालकानं ओळखू नये. तिचा नवरा हिंदुराव चेष्टेनं म्हणायचा, "हिच्याकडं दगूड सांभाळाय दिला तर त्येच्यावरबी मांस चढंल." काकी वरवर फणकारायची, पण आलेल्यागेलेल्याला हे वाक्य स्वतःच ऐकवायची.

ह्याला कारण होतं. काकीचं माहेर लोणी भापकरचं, बारामतीच्या जिरायती अंगाचं. बाहत्तरच्या दुष्काळात ती एवढीशी पोर होती. दावणीची गाय एके सकाळी उठेना. बापानं शेपटीकडून रेटा दिला, आईनं शिंगं धरली, गाय गुडघ्यांवर आली आणि पुन्हा बसली ती बसलीच. तेव्हापासून काकीच्या लेखी जगात पाप एकच, दावणीचं जनावर उपाशी ठेवणं. बाकीच्या पापांचं काय ते देव बघून घेईल.

तर अशा बाईच्या हातात तिच्या मुलानं, यशराजनं, जर्मन शेफर्डचं पिल्लू आणून दिलं. यशराज पुण्यात नोकरीला. उसात बिबट्या फिरतोय, गोठ्यावर चांगलं कुत्रं पाहिजे, म्हणून त्यानं हौसेनं आणलं. काकीनं त्या लोकरीच्या गोळ्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ह्यो राखण करणार? आधी ह्येचीच राखण कराय लागंल की!"

आणि केली. वासराची करतात तशी केली. गाय व्याली की चिकाच्या दुधाचा पहिला तांब्या पिल्लाला. अंडी, तूप लावलेली भाकरी, दुधावरची साय. आणि रोज संध्याकाळी गाईंच्या कॅल्शियमच्या कॅनमधून एक टोपण दुधात. व्यालेली, बसलेली गाय ज्यानं उठून उभी राहते, ते कुत्र्याच्या पिल्लाला बाधेल कसं? पिल्लू फुगत गेलं. सून वृषालीनं त्याचं नाव डंपर ठेवलं, कारण समोर येईल ते भरून घ्यायचा. वर्षाच्या आतच तो असा दिसायला लागला की लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला यायचे. काकी शेजारी उभी राहायची, पदर सावरून.

मग डंपर ओट्याची पायरी चढताना थबकायला लागला. पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखे टाकायला लागला. पोरंसोरं हसायची, काकीही हसली. पण एकदा बसला की उठताना कण्हायला लागला, तेव्हा तिनं निदान केलं. "अंग लई भराभर वाढतंय. हाडांना पुरं पडंना." आणि टोपणाची दोन टोपणं केली.

एके सकाळी डंपर उठेना. पुढचे पाय रोवून तो अर्धा वर आला, मागचं धूड तसंच जमिनीला. असं अर्धवट उठणारं जनावर कौसल्याकाकीनं आधी पाहिलेलं होतं.

पिकअपमध्ये गोणपाट अंथरून त्याला बारामतीला नेलं. वृषाली गाडी चालवत होती, काकी मागं हौद्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन. तिथल्या डॉक्टर मेघनाबाई तरुण होत्या, शांत होत्या. एक्स-रे काढला. मग त्यांनी एका हाताची ओंजळ केली, दुसऱ्या हाताची मूठ त्यात ठेवली. "मावशी, खुब्याचा सांधा असा असतो. ह्याची ही वाटी उथळ आहे, त्यामुळं गोळा नीट बसत नाही, घासतो. दोन्ही बाजूंना."

"लागलंय का कुठं?"

"नाही. हा दोष जन्माचाच. ह्या जातीत बऱ्याचदा असतो. पण इतक्या कमी वयात इतका बिघडला म्हणजे... खायला काय देता?"

काकी त्या अवस्थेतही जरा सावरून बसली. हा प्रश्न तिच्या हक्काचा होता. तिनं सगळं सांगितलं, चीक, अंडी, साय, तूप, आणि शेवटी कॅल्शियम. "दोन टोपणं देते म्याडम. कशाला कमी न्हाय केलं."

डॉक्टरबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, आणि तेच काकीला जास्त लागलं. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढावं लागतं. गाईचं कॅल्शियम त्याच्या हाडांना घातक. दोष जन्माचा खरा, पण त्या कच्च्या सांध्यांवर वजनाचं ओझं लादलं गेलं होतं. आता औषध चालू करायचं, कॅल्शियम बंद आणि खाणं निम्म्यावर. वजन उतरलं तर पुण्याला ऑपरेशनचा विचार करता येईल. "आणि न्हाय उतरलं तर?" काकीनं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग त्याचे हाल होत राहतील, मावशी. तेव्हा त्याला शांतपणे जाऊ देणं एवढंच हातात राहील."

परतीच्या वाटेवर काकी हौद्यात बसून रडली. डंपर तिचा हात चाटत होता. ज्या हातानं घात केला तोच हात चाटतोय हे तिला सोसेना आणि हात काढूनही घेववेना.

घरी आल्यावर खरा वनवास सुरू झाला. औषधानं डंपर कसाबसा खुरडत फिरायला लागला, पण खाणं वाटीनं मोजून. डंपर ते दोन घासांत संपवायचा आणि भांडं नाकानं ढकलत काकीच्या पायाशी आणायचा. मग वर बघायचा. भुंकणं नाही, काही नाही, नुसतं बघणं. काकीला तोंडात घास घालवेना. ती आधी पाठ फिरवून जेवायला लागली, मग घरामागं जाऊन, मग एक वेळचं जेवणच सोडलं. गाईंना वैरण टाकताना ती मान वर करायची नाही, कारण डंपर ओट्यावरून ते सगळं बघायचा. आपण कसाई झालोय असं तिला वाटायचं, आणि ती ते मोठ्यानं म्हणायचीही.

हिंदुरावांनी एकदाच तोंड उघडलं. "किती दिस हाल करायचं मुक्या जिवाचं? डॉक्टरला बोलव. सुई देऊन मोकळा कर."

"तुमाला काय जातंय बोलाय!" काकी तुटून पडली. त्यावर हिंदुराव टोपी घालून शेताकडं निघून गेले.

ती नरसिंहाच्या देवळात गेली. देवासमोर उभी राहिली आणि तिला नवसच सुचेना. पुरणाचा नैवेद्य, पाच सवाष्णी जेवू घालणं, गाईला गूळ, तिला येत होते ते सगळे नवस खाऊ घालण्याचे. ह्या आजाराला देवाला काय कबूल करावं? हात जोडून ती नुसतीच परत आली.

पुन्हा बारामती. डंपरला काट्यावर उभा केला आणि डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. वजन कमी झालंच नव्हतं, उलट वाढलं होतं. "मावशी, असं चालू राहिलं तर मी काही करू शकणार नाही."

"म्या न्हाय देत हो! ह्येच्या डोक्यावर हात ठेवून सांगते!"

मग कोण? काकीचा संशय सरळ वृषालीवर गेला. यशराज पुण्याला, म्हातारा तर कुत्र्याला मारायला निघालेला, उरलं कोण? घरी आल्या आल्या तिनं तोंड सोडलं. "त्येच्या नजरंत गोड व्हायचं असंल ना? म्या वाईट, तू चांगली!" वृषाली रडत म्हणाली, "आई, मी त्याच्या खाण्याचा डबा कुलपात ठेवते. माझी शपथ." काकीनं ऐकलं नाही. दोघींचं बोलणं तुटलं.

आणि एका दुपारी गोठ्याकडं जाताना कडबाकुट्टीच्या शेडमागून तिला लपलप ऐकू आली. हिंदुराव उकिडवे बसले होते. समोर परात, परातीत दुधात कुस्करलेली भाकरी, आणि डंपर त्यात तोंड घालून. हिंदुरावांचा एक हात त्याच्या पाठीवर होता. दुपारची भाकरी शेतात खातो म्हणून बांधून घेणारा माणूस तिचं काय करत होता, हे काकीला आत्ता कळलं.

तिला बघून ते दचकले नाहीत. डोळे मात्र ओले होते. "जायचंच हाय त्येला," ते म्हणाले. "माझा बा गेला तवा मागितलं त्ये दिलं आपण. बासुंदी मागितली, बासुंदी दिली. शेवटचं दिस व्हतं. ह्येला उपाशी लावून द्यायचा व्हय?"

काकीला राग यायला हवा होता. तो आलाही, पण रागाच्या पोटात भलतंच काही निघालं. हा माणूस रोज उपाशी राहून कुत्र्याला निरोप देत होता. तिच्यासारखंच त्यालाही एवढंच येत होतं.

तिनं पुढं होऊन परात ओढली. "मराय टेकल्याला चारत्यात. ह्यो मराय टेकलाय असं कुणी सांगितलं तुमाला? ह्येला जगायचं हाय."

ती परात घेऊन गव्हाणीकडं वळली आणि मागून आवाज आला. गुरगुर. खोल, छातीतून आलेली. डंपर तिच्यावर कधी गुरगुरला नव्हता. आजवर तिचा हात म्हणजे त्याला खाणंच. आता दात विचकून तो तिच्याचकडं बघत होता, मागचं धूड मातीत पसरलेलं.

हिंदुराव पटकन म्हणाले, "दे गं त्येला. दे."

काकीनं परात गाईपुढं रिकामी केली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या तिनं पुसल्या नाहीत. मग ती येऊन डंपरच्या समोर, त्याच्या दातांपासून हातभर अंतरावर मातीत बसली.

"गुरगुर," ती म्हणाली. "खुशाल गुरगुर. मला चाव. पण त्ये उभा ऱ्हाऊन कर, माझ्या राजा. उभा ऱ्हा."

डंपरनं पुढचे पाय रोवले.