तेराव्या खळग्याची चिठ्ठी

“तेरावं कुठंय?”

मिलिंदनं पेटीवरची नजर न काढता विचारलं. स्ट्राँगरूमशेजारच्या लहान खोलीत आम्ही सहा जण उभे होतो. टेबलावर सागवानी पेटी उघडी होती. आत हिरवं कापड आणि कापडात तेरा गोल खळगे. बारा खळग्यांत सोन्याची नाणी होती. शेवटचा खळगा रिकामा होता. प्रत्येक खळग्यापुढं पुठ्ठ्याची लहानशी चिठ्ठी खाचेत बसवलेली होती. रिकाम्या खळग्यापुढंही होती. तिच्यावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, ‘राणी, वृद्ध. पी.’

“चिठ्ठी हाय, मंग नानं कुठंय?” मिलिंदनं परत विचारलं. या वेळी त्यानं बहिणीकडं पाहिलं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा मंचरला एका बँकेच्या शाखेत होतो. लॉकरचा चार्ज माझ्याकडं होता. हा लॉकर गुरुजींचा. ते निरगुडसरचे, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. दीड महिन्यापूर्वी ते गेले होते. मोठा मुलगा मिलिंद भोसरीला कंपनीत होता. धाकटी सुजाता सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि वडिलांजवळ राहायची. लॉकरला नॉमिनी म्हणून तिचं नाव होतं.

लॉकरधारक वारला की बँक नुसती किल्ली घेऊन नॉमिनीला आत सोडत नाही. आधी इन्व्हेंटरी करायची असते. म्हणजे दोन बाहेरचे साक्षीदार बोलवायचे, सगळ्यांसमोर लॉकर उघडायचा आणि आत जे सापडेल त्याची यादी करायची. यादी करताना बँक कशाचीही पारख करत नाही. सोनं दिसलं तरी सोनं लिहायचं नाही, ‘पिवळ्या धातूची वस्तू’ लिहायचं. ते ऐकून मिलिंद सुरुवातीलाच चिडला होता.

“पिवळा धातू? आवो, गिन्न्या हायेत त्या! पितळ हाय का?”

“आम्ही सोनार नाही,” मॅनेजर म्हणाले होते. ते पुण्याहून नुकतेच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण ऑडिटला फार भ्यायचा.

गिन्नी आमच्या भागात बायकांच्या माळेत असते. इंग्रजांच्या काळातलं सोन्याचं नाणं, वजन आठ ग्रॅमला किंचित कमी. वर कडी डाकलेली, म्हणजे ओवता येते. गुरुजींना कडीवाली गिन्नी चालत नसे. त्यांना नाणं जसं टांकसाळीतून निघालं तसं हवं असे. शिवाय त्यांना राजे नको होते. एकच राणी, व्हिक्टोरिया. तिच्या राज्यातल्या गिन्न्यांवर तिचे तीन चेहरे आहेत. पहिला तरुण, केस मागं बांधलेले. दुसरा मधल्या वयाचा, डोक्यावर एवढासा मुकुट. तिसरा म्हातारपणचा, डोक्यावरून पदर घ्यावा तसं वस्त्र घेतलेला. पाठीमागं कधी ढाल, कधी राक्षसी प्राण्याला मारणारा घोडेस्वार. लंडनच्या नाण्यावर टांकसाळीचं अक्षर नसतं. ऑस्ट्रेलियातल्या टांकसाळींची एकेक बारीक अक्षरं असतात. चेहरा, पाठ आणि अक्षर यांची जुळणी करत गुरुजींनी तेरा नाण्यांचा संच ठरवला होता. शिक्षकाच्या पगारात एकेका नाण्याला दोन दोन, तीन तीन वर्षं लागली.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि माझी अडचण नेमकी तीच होती.

“सुजे, लास्टच्या वर्षात आबांबरोबर बँकेत तूच यायचीस ना?” मिलिंदनं विचारलं.

“यायचे. त्यांना एसटीत चढवायला कुणीतरी लागायचंच.”

“मंग आत बी तूच जायचीस.”

“नाही दादा. मी बाहेर बाकावर बसायचे. पेटीत काय आहे ते मी आजच बघतेय.”

“आन् आबा एकटं आत जायचं? गुडघं धरून बसनारा मानूस?” मिलिंदनं बोटानं लॉकर दाखवला. तो सगळ्यात खालच्या ओळीत होता. “हितं वाकल्याबिगर पेटी निगत न्हाई. कोन वाकायचं मंग?”

साक्षीदारांपैकी एक शेजारच्या मेडिकलचे बाळूशेठ होते. त्यांनी घड्याळ बघायचं थांबवलं. दुसरे पेन्शनचे कागद घेऊन आलेले एक आजोबा होते. ते भिंतीला टेकले.

“दादा,” सुजाता म्हणाली, “तू सगळीच घेऊन जा. मला एकही नको. फक्त मी काढलं असं म्हणू नकोस.”

ती रडत नव्हती. वॉर्डात एखाद्या नातेवाइकाला समजवावं अशा आवाजात ती बोलत होती. पण तिनं टेबलाची कड घट्ट धरलेली मला दिसली.

लॉकरला दोन किल्ल्या लागतात. आधी बँकेची फिरते, मग ग्राहकाची. बँकेच्या माणसानं आपली किल्ली फिरवायची आणि बाहेर पडायचं. आत काय आहे ते बँकेनं बघायचं नसतं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मी गुरुजींच्या बाबतीत पाच वर्षं ते पाळलं नव्हतं.

पहिल्या वेळी त्यांना खरंच वाकता आलं नाही, म्हणून मी पेटी काढून दिली आणि निघालो. ते म्हणाले, “अरे, थांब की. तुला चौथीत राणीचा जाहीरनामा शिकवला होता. आठवतो?” मला आठवत नव्हता. “मग राणी तरी बघ.” त्यांनी खिशातून भिंग काढलं. माझं गाव निमगाव सावा. तिथल्या शाळेत ते माझे गुरुजी होते. त्यांनी थांब म्हटल्यावर मी थांबलो. मग दर दोन-तीन महिन्यांनी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, दहा-पंधरा मिनिटं. बँकेतल्या नोकरीत मी एवढं मन लावून दुसरं काही पाहिलं असेल असं वाटत नाही.

तो रिकामा खळगा मी पहिल्या दिवसापासून रिकामाच पाहिला होता.

आता हे सांगायचं तर मी आत थांबत होतो हेही सांगावं लागणार होतं. न सांगावं तर सुजाता बाहेर बाकावर बसायची याला दुसरा साक्षीदार नव्हता. मी फार वेळ विचार केला असं नाही.

“पेटी मी काढून द्यायचो,” मी म्हणालो. “आणि आत थांबायचो. सुजाताताई कधीच आत आल्या नाहीत. तेरावं नाणं गुरुजींना मिळालंच नव्हतं. ते शोधत होते.”

मॅनेजर माझ्याकडं वळले. “शिंदे, तुम्ही आत थांबत होता?”

“हो साहेब.”

“ग्राहकाचा लॉकर उघडा असताना?”

“हो.”

मिलिंद हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “म्हंजी सायेब, नान्याजवळ तुमीच व्हता. आन् नानं नव्हतंच, हे बी तुमीच सांगताय. लई भारी!”

त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

“शिंदे, पेन द्या इकडं,” मॅनेजर म्हणाले. “यादी मी लिहितो. तुम्ही त्या भिंतीपाशी उभे राहा. कशालाही हात लावू नका.”

मी उभा राहिलो. समोर गुरुजींची पेटी उघडी होती आणि पहिल्यांदाच मला तिच्या जवळ जायची बंदी होती. ते गेल्याचं मला तेव्हा नीट कळलं.

मॅनेजर लिहू लागले. “नाणी, पिवळ्या धातूची, बारा. पेटी, लाकडी, एक. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, तेरा. झालं.”

“साहेब,” मी म्हणालो, “चिठ्ठीवर मजकूर असेल तर तो यादीत उतरवून घ्यायचा असतो. कागदाच्या दोन्ही बाजू बघून.”

“नियम आता तुम्ही सांगणार मला?”

बाळूशेठला हसू आवरलं नाही. “सांगू द्या साहेब. मोडलाय त्यांनी, म्हणजे पाठ असणार.”

खरं सांगायचं तर मला चिठ्ठीमागं काही असेल याची कल्पना नव्हती. मी त्या फक्त समोरून पाहिल्या होत्या. यादी पुरी व्हावी एवढंच डोक्यात होतं. सवय, दुसरं काय.

मॅनेजरनी नाराजीनं सुजाताला खूण केली. तिनं पहिली चिठ्ठी नखानं खाचेतून उपसली आणि उलटी केली. मागं बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. ती वाचू लागली.

“वजन सात पूर्णांक अठ्ठ्याण्णव. वडिलांकडून. त्यांना पलटणीत मिळालेलं.”

तिनं दुसरी काढली. “वजन सात पूर्णांक पंच्याण्णव. जुन्नरच्या सराफाकडून, मोडीत आलेलं. पावती घरी, ट्रंकेत.” तिसरी. “वजन सात पूर्णांक सत्त्याण्णव. नारायणगावच्या बाजारात, भांडीवाल्याकडून. साक्षीला हेडमास्तर.”

प्रत्येक चिठ्ठीच्या मागं हेच. वजन, कुणाकडून, पुरावा काय.

मिलिंद खुर्चीवर बसला. पाचव्या-सहाव्या चिठ्ठीला तो हळूच म्हणाला, “भांड्यावानी.”

“काय?” मॅनेजरनी विचारलं.

“आमच्या घरात समद्या भांड्यांवर आबांनी नाव घातलंय. नुसतं नाव न्हाई. कुटनं घेतलं, कोनी दिलं. बादलीवर बी, छत्रीच्या दांड्यावर बी. आमी हसायचो.” तो थांबला. “तरुनपनी वडिलांची गिन्नी वजन करायला सराफाकडं नेली व्हती त्यांनी. सराफ नान्याकडं बघंना, यांच्याकडंच बघत ऱ्हायला. म्हनला, ‘तुमच्या वस्तीत ही कुटनं आली?’ तवापासनं आबा समदं लिवून ठेवायचं. कोनी इचारायच्या आदी उत्तर तयार पायजे, म्हनायचं.”

सुजातानं मान हलवली. तिलाही ही गोष्ट माहीत असावी. तिनं बारावी चिठ्ठी वाचून खाली ठेवली. मग तेरावी काढली. उलटी केली आणि मिलिंदपुढं धरली.

मागची बाजू कोरी होती.

मिलिंदनं ती उजेडाकडं धरून पाहिली. परत उलटी केली, परत सुलटी केली. “आबा आन् नानं घिऊन मागं लिवनार न्हाईत?” तो स्वतःशीच म्हणाला. “शक्यच न्हाई. आलंच न्हाई हे.”

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. “सायेब, नव्हतंच तर पुढं नाव कशापायी लिवलं?”

मला भिंतीपाशी उभं राहूनच सांगावं लागलं. गुरुजी एकदा आळ्याला लग्नाला गेले होते. पंगतीत एका बाईच्या गळ्यातल्या माळेत त्यांना म्हाताऱ्या राणीची गिन्नी दिसली. टांकसाळीचं अक्षर घोड्याच्या पायाखाली, जमिनीवर असतं. परक्या बाईच्या गळ्यात डोळे घालून ते कसं वाचणार? त्यांनी आपल्या बायकोला पुढं केलं. बाई हसल्या आणि त्यांनी माळ दाखवली. अक्षर पी होतं. पण कडी डाकलेली होती, बरोबर राणीच्या डोक्यात. गुरुजींनी हात जोडले आणि जेवून परत आले. पण पी आपल्या तालुक्यापर्यंत येऊ शकतं हे कळलं म्हणून त्या रात्री त्यांनी चिठ्ठी लिहून ठेवली. मला म्हणाले होते, “पाहुणा यायच्या आधी पाट मांडावा.”

“आई सांगायची ही गोष्ट!” सुजाता म्हणाली. “‘तुझ्या बापानं मला भर लग्नात दुसरीचा गळा बघायला लावला,’ असं म्हणायची. पण ती गोष्ट या गिन्नीची, हे माहीत नव्हतं.”

मिलिंद हसला. या वेळचं हसणं खरं होतं. हसता हसता त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बहिणीला तो ‘माफ कर’ वगैरे काही म्हणाला नाही. “भूक लागली का तुला?” एवढंच विचारलं. ती म्हणाली, “लागली.”

भिंतीला टेकायची आता लाज वाटत नव्हती. मी टेकलो.

जाताना मिलिंदनं पेन मागितलं. तेराव्या चिठ्ठीवर आबांच्या अक्षराखाली त्यानं लिहिलं, ‘मिळाली नाही.’

“अहो, काय करताय!” मॅनेजर ओरडले. “यादीतल्या कागदावर नवीन मजकूर? आता सगळ्यांच्या सह्या लागतील त्याच्यावर.”

पुढं जागा नव्हती. म्हणून चिठ्ठी उलटी करून मागं सह्या घेतल्या. मिलिंद, सुजाता, बाळूशेठ, आजोबांचा अंगठा, मॅनेजर. शेवटी मॅनेजरनी पेन माझ्याकडं केलं. “तुम्हीही करा. हजर होता ना.”

महिन्याभरानं मला मेमो आला. मी उत्तरात खरं ते लिहिलं. लॉकरचा चार्ज काढून मला पेन्शनच्या काउंटरवर बसवलं. तिथं मी रिटायर होईपर्यंत होतो, आणि तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. भावंडांनी नाणी विकली नाहीत. लॉकर दोघांच्या नावावर करून घेतला, फक्त वरच्या ओळीतला. पेटी काढून द्यायला आता बँकेच्या माणसाची गरज पडत नाही, आणि नियमाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे.

नव्या पोरांना मी एवढंच सांगायचो. किल्ली फिरवा आणि बाहेर पडा. थांबलाच असाल, तर विचारल्यावर थांबलो म्हणून सांगा. आणि यादी करताना कागद उलटून बघा, मागं काही नसलं तरी.