टेबररचे दोन हात

माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, तेही एका शब्दात. इथे दोहात होती तेव्हाही तसंच, पण तेव्हा समोर बसलेली असायची, त्यामुळे चालून जायचं. मग कंपनीने फॅमिलीच्या घराचं भाडं देणं बंद केलं. मदिनत खलीफामधलं, एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांतलं बिऱ्हाड मोडलं. बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या आणि मी नजमा भागात तिघांबरोबर एका खोलीत राहायला आलो. पोरगी आठवीत गेली तरी इथल्या भाषेत मी बॅचलर! शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलवर ‘फाइन’, ‘ओके’, ‘नथिंग’ एवढंच कानावर पडायला लागलं. गेली ही हातातून, असं वाटायचं, आणि त्या विचाराने जेवण जायचं नाही.

एका शुक्रवारी तिनेच विचारलं, “बाबा, तू ड्रम वाजवायचास ना?”

ड्रम म्हणे! पथकात इतकी वर्षं ताशा बडवला तो ड्रम झाला होय? पण रागवायची सोय नव्हती. पोरीने आपणहून काहीतरी विचारलं होतं. तिच्या शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता, मध्ययुगातल्या इंग्लंडमधले वादक, आणि तिच्या वाट्याला ड्रमवाले आले होते.

मग काय, मी पेटलोच. दिवसभर सिमेंट आणि सळईचे एस्टिमेट करायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर जुनं इंग्रजी वाचायचं. टेबर म्हणजे लहानसा ढोल, तो वाजवणारा टेबरर. टिम्ब्रेल म्हणजे आपल्या खंजिरीची बहीणच म्हणा, आणि ती वाजवणाऱ्या बाईला वेगळा शब्द, टिम्बेस्टर. कमरेला बांधायची छोट्या नगाऱ्यांची जोडी म्हणजे नेकर्स आणि तो वाजवणारा नेकरर. नेकर्सचं चित्र मी शेजारच्या टेबलावरच्या इजिप्शियन सहकाऱ्याला दाखवलं. तो बघताक्षणी म्हणाला, “नक्कारा.” अहो, म्हणजे नगाराच की! अरबांकडचा शब्द एका बाजूने इंग्लंडला पोचला आणि दुसऱ्या बाजूने आमच्या देवळाच्या दारात. हे मी पोरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “वेट, रिअली?” चक्क दोन शब्द. त्या दिवशी मी खोलीतल्या तिघांना कॅफेटेरियात करक चहा पाजला.

टेबररच्या बाबतीत मात्र मी माती खाल्ली. चित्रात तो एकटाच दिसत होता. मी ठासून सांगितलं, “अगं, असं नसतंच. ताशावाला तर्री देतो, मग ढोल त्याला उत्तर देतात. एकट्याने वाजवून काय होणार? चित्रकाराने बाकीचे गाळलेत. तू मागे चांगले दहा-बारा जण काढ.” तर्री म्हणजे ताशाची सलग कडकड, ती कळावी म्हणून डब्याच्या झाकणावर दोन चमच्यांनी वाजवायला लागलो. ती स्क्रीनकडे नुसती बघत राहिली. “बाबा, तुझे हँड्स मूव्ह होतायत, पण आवाजच नाही.” ॲपला ती खडखड वाटली होती, त्याने ती परस्पर पुसून टाकली. ज्या हातावर लक्ष्मी रोडला लोक शिट्ट्या मारायचे त्याची ही गत! हसलो मी, पण आतून फार लागलं.

पुढच्या शुक्रवारी ती फुगून बसली होती. मॅडमनी चित्र चूक ठरवलं होतं. टेबररच्या डाव्या हातात तीन भोकांची बासरी, त्याच हातावर लटकवलेला ढोल आणि उजव्या हातात टिपरू. सूरही त्याचा, ठेकाही त्याचा. सगळं गाव एका माणसाच्या जिवावर नाचायचं. माझ्या सांगण्यावरून काढलेले दहा-बारा जण तिने रबराने खोडले होते. “तो एकटाच होता, बाबा,” ती म्हणाली. अख्खं वाक्य मराठीत, आणि तेही नेमकं हे.

चूक भरून काढायची म्हणून आठवडाभर त्या टेबररच्याच मागे लागलो. त्याला कुठे बोलवायचे, राजाकडे काय वाजवायचा, गावच्या जत्रेत काय, सगळं डोक्यात साठवलं. शुक्रवारी फोन लागला आणि मी सुरुवात करणार तोच ती म्हणाली, “सबमिट केला. खलास, बाबा.” आमचा इथला शब्द माझ्याच अंगावर टाकून तिने फोन आईकडे दिला. लांब जाणारी तिची पाठ दिसली, मग नुसतं छत.

बायकोने टाकीच्या मोटरचं सांगितलं, क्लासच्या वेळा सांगितल्या. मी हं हं करत होतो. “चल, ठेवतो,” म्हणालो.

“थांब रे. आज त्या ढोलवाल्याचं काय सांगणार होतास?”

“तुला काय करायचंय? प्रोजेक्ट संपला तिचा.”

“मी ऐकते ना दर शुक्रवारी, पोळ्या लाटता लाटता. सांग.”

सांगितलं मग. आधी उगाच तोऱ्यात, नंतर नीट.  शेवटी ती म्हणाली, “दोन्ही हात गुंतलेले बिचाऱ्याचे. घाम डोळ्यांत उतरला तर पुसायचं कोण?”

“तसं काही कुठे लिहिलेलं नाही गं,” मी म्हणालो. “पुसत असेल बाहीला.”

“त्याचं नाही रे,” ती म्हणाली, “तुझं विचारतेय.”

खोलीत तिघं जण बसले होते, तरी मला रडू आवरलं नाही.