बाईंसाठी ठेवलेली पानं

"हे काय? धूळ? मी इथे धूळ काढायला येते का?"

डॉक्टरीणबाई हे बोलली तेव्हा तिच्या हातात झाडू होता. नवा कोरा. मुठीले लाल कापड गुंडाळलेलं, हाताले टोचू नये म्हणून. पांढऱ्या पातळाचा काठ तिनं माझ्या नाकासमोर धरला. काठ धुळीनं मळला होता.

माय धावत आली. खाली बसली. आपल्या पदरानं तिचा काठ पुसाले लागली. "चुकलं बाई. मले ताप होता. आज पोट्टीनं झाडलं."

"काम नम्रतेने करावं," बाई मले म्हणाली. "देवाचं घर आहे हे."

मग मायनं सतरंजी अंथरली. बाई तिच्यावर गुडघे टेकून बसली, डोळे मिटले. मी बालटी घेऊन तिथंच उभी. "तू बाहेर हो," ती डोळे न उघडता म्हणाली. काय शांत आवाज होता बापा तिचा!

हा प्रकार काय होता ते सांगते. सदरमधल्या त्या चर्चच्या मागं एक खोली होती. बाप गेल्यावर पाळकसाहेबानं ती आमाले दिली. बदल्यात चर्च झाडायचं. मायचं नाव राहेल. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेलं. पण त्या कंपाउंडात कोणी तिले त्या नावानं हाक मारली नाही. "ए बाई." नाही तं "ए झाडूवाली." मी तेव्हा सतरा वर्षांची, शाळा सुटलेली, तिच्या हाताखाली.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस लागले की डॉक्टरीणबाई नेम धरे. दर शुक्रवारी सिव्हिल लाइन्सहून फियाटनं ये, अन् देवापुढं नम्र होण्यासाठी स्वतः चर्च झाडे. पण धूळ उडाली की तिले शिंका येत. म्हणून पाळकसाहेबाचा हुकूम होता. बाई यायच्या आधी सगळं झाडून घ्यायचं. पाणी मारायचं. अन् पुलपिटसमोर, उपदेशाच्या त्या उंच जागेपुढं, थोडी पानं राहू द्यायची.

हाव, पानं! त्या दिवसांत अंगणातला कडूनिंब झडतो. माय अख्खं चर्च लख्ख करे, मग बाहेर जाऊन ओंजळभर पानं आणे अन् पुलपिटसमोर पसरवे. बाईले झाडाले काहीतरी पाहिजे ना! बाई तेवढी पानं गोळा करे, प्रार्थना करे अन् घरी जाये.

रविवारी पाळकसाहेब पुलपिटवरून बाईचं नाव घेत. "आपल्या या भगिनीकडे पाहा. एवढ्या मोठ्या घरची सून, हातात झाडू घेते. ही खरी नम्रता." सारी मंडळी माना वळवून तिच्याकडं पाहे. माय शेवटच्या बाकामागं चटईवर बसे. तीही पाहे. कौतुकानं!

अन् मी जळत होती. खरं सांगते, पायापासून डोक्यापर्यंत जळत होती. फियाटचा मले हेवा नव्हता. पातळाचा नव्हता. ते त्या लोकांजवळ असतेच. मले हेवा होता पुलपिटवरून घेतल्या जाणाऱ्या त्या नावाचा. माझ्या मायची कंबर वाकून वाकून गेली, तिले कोणी नम्र म्हटलं नाही. बाईनं झाडलं तं नम्रता. मायनं झाडलं तं काम. वाकणं तेवढं आमचं होतं. तेही बाई गाडीत घालून घेऊन गेली.

प्रार्थना होईना मले. डोळे मिटले की तो पांढरा काठच दिसे. देवाले म्हटलं, तू पण तिच्याच गाडीत बसून येतो का गा? एकदा तरी माझ्या मायचं नाव तिथून घ्यायला लाव. बस, एवढंच पाहिजे होतं मले. ते झालं नाही. मग मी प्रार्थनाच सोडली.

त्या शुक्रवारचा ताप उतरला नव्हता, तरी शनिवारी सकाळी माय झाडाले उठली. मी मागं मागं गेली. झाडता झाडता ती पुटपुटत होती. जन्मभर ऐकलं होतं मी ते पुटपुटणं, कधी कान दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

"देवा, ह्या बाकावरच्या पोराले नोकरी लागू दे. ह्या म्हातारीले बरं कर." एकेक बाक. असं करत ती पहिल्या बाकापाशी आली. डॉक्टरीणबाईच्या. तिथं झाडू थांबला. "ह्या बाईले लेकरू दे देवा. मन लय दुखते तिचं."

मी ओरडली, "तिच्यासाठी? काल तुले तिचा काठ पुसावा लागला अन् तू तिच्यासाठी मागून राहिली?"

"मी त्याच्याशी बोलून राहिली वं, तुह्याशी नाही," माय म्हणाली. "तू तिकडची जाळी काढ."

मायची प्रार्थना पण तिलेच मिळाली! मी जाळी काढली नाही. झाडू तिथंच टाकला अन् निघून गेली.

रविवारी पुन्हा तेच. बाईचं नाव, बाईची नम्रता. मग मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली. आमच्यात रीत आहे. ज्याले वाटते त्यानं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करावी. सगळे डोळे मिटतात. अन् आमेन होईपर्यंत कोणी कोणाले अडवत नाही. तिथं नेहमी समोरच्या बाकांवरचेच उठत. त्या दिवशी मी उठली.

"देवा, हे चर्च राहेलनं झाडलं. माझ्या मायनं. शुक्रवारी बाईच्या आधी बी तीच झाडते. पानं बी तीच आणून टाकते. अन् झाडताना इथल्या एकेका बाकासाठी तुले मागते. तिचं नाव राहेल आहे. तू विसरला नसशीन, हे विसरले. मी लय दिवसांनी तुझ्याकडं फिरली. माझ्या पोटात आग आहे, ती घेऊनच आली. राहेल, देवा. राहेल. आमेन."

कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब खाकरले अन् गीताचा नंबर सांगितला. डॉक्टरीणबाई मान खाली घालून बसली होती. पहिल्यांदा.

बाहेर आल्यावर मायनं मले थापड मारली. "काहून केलं वं असं? खोली जाईन आता."

गेलीच. "मुलीला नम्रता शिकव," एवढं बोलून पाळकसाहेबानं किल्ली मागितली. आमी वाडीले आलो, ट्रकच्या गोदामांमागं, भाड्याच्या खोलीत. दोघी फाटकी पोती शिवत होतो. माय शेवटपर्यंत म्हणे, तू प्रार्थनेत भांडली. हाव, भांडली. देवासंग नाही तं कोणासंग भांडू?

हेवा अजून आहे. तो मी त्याच्यापुढं लपवत नाही. रोज सकाळी गुडघे टेकते, आहे त्या धुळीत. पण दुसऱ्या कोणाच्या गुडघ्यांसाठी फरशी पुसून देणार नाही. अन् पानं तं एकही आणून टाकणार नाही.